स्वस्त राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हजार-दीड हजाराचा घरगुती राउटर वर्षानुवर्षं चालतो, पण त्याच्या आतलं सॉफ्टवेअर कंपनी बरेचदा दोन-तीन वर्षांतच वाऱ्यावर सोडते. ते काढून तिथे लिनक्सवर उभं असलेलं ओपनडब्ल्यूआरटी कसं बसवायचं, कुठल्या राउटरवर बसवायचं आणि कुठल्यावर अजिबात नाही, याबद्दल नागपुरातली मंडळी जे पुन्हा पुन्हा विचारतात त्याची ही उत्तरं. घाईत असाल तर बाकी नंतर वाचा, पण पोटावरच्या स्टिकरबद्दलचं उत्तर वाचल्याशिवाय काहीही फ्लॅश करू नका, म्हणजे राउटरवर नवं सॉफ्टवेअर चढवू नका.

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे नेमकं काय?

राउटर हा छोटा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते आणि हार्डडिस्कच्या जागी काही एमबींची फ्लॅश मेमरी असते. कंपनी जे फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, घालून देते तेही बहुतेक वेळा आतून लिनक्सच असतं, फक्त जुनं आणि कुलूपबंद. ओपनडब्ल्यूआरटी हे त्याच्या जागी बसणारं, मोफत आणि खुलं लिनक्स आहे.

याची सुरुवात लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरपासून झाली. तो डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला आणि त्यात लिनक्स वापरलंय हे २००३ मध्ये जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो की वस्तू विकायची असेल तर त्यातला कोडही द्यावा लागेल. लोकांनी पाठपुरावा केला, कोड खुला झाला, आणि त्यातूनच २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. मध्ये २०१६ साली काही डेव्हलपर लीड या नावाने वेगळे झाले होते, २०१८ मध्ये पुन्हा एकत्र आले. २०२४ च्या शेवटी तर ओपनडब्ल्यूआरटी वन नावाचा प्रकल्पाचा स्वतःचा राउटर आला. वीस वर्षांहून जास्त काळ लोक हे काम सांभाळत आहेत, म्हणून मी ते कुणालाही बिनधास्त सुचवतो.

आमचा राउटर चांगला चालतोय, मग कशाला हात लावायचा?

नेट चालू आहे म्हणजे राउटर सुरक्षित आहे असं नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं पोखरली होती, आणि त्यांतली बरीचशी अशीच घरगुती आणि छोट्या ऑफिसांतली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेत क्रॅक नावाची त्रुटी सापडली, तेव्हा खुल्या फर्मवेअरची दुरुस्त आवृत्ती त्याच आठवड्यात आली. स्वस्त राउटरच्या कित्येक मॉडेलांना ती दुरुस्ती कधी मिळालीच नाही. तुमचं बँकेचं काम, मुलांचा अभ्यास, घरातला सीसीटीव्ही हे सगळं त्या डब्यातून जातं. त्याचं शेवटचं अपडेट कधी आलं होतं ते एकदा कंपनीच्या साइटवर बघा. चार वर्षं जुनं असेल तर हात लावायला तेवढं कारण पुरे आहे.

भाऊ, माझ्या राउटरवर चालेल का?

राउटर उलटा करा. खाली पांढरं स्टिकर असेल. त्यावर मोठ्या अक्षरांत मॉडेल असतं, ते आपल्याला अर्धंच कामाचं. सिरियल नंबरच्या आसपास बारीक अक्षरांत 'व्हर' लिहून एक आकडा असतो: ३.२०, १४.०, असा काहीतरी. तो आकडा सगळ्यात महत्त्वाचा. स्टिकर उन्हाने पिवळं पडलं असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा किंवा फोटो काढून मोठा करून वाचा.

या आकड्याला एवढं महत्त्व का, ते टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एन या घराघरांत दिसणाऱ्या मॉडेलवरून कळेल. नाव तेच, डबाही जवळपास तसाच. पण व्हर्जन १२ पर्यंतच्या बऱ्याच आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. व्हर्जन १३ मध्ये ८ आणि ६४. आणि त्यानंतरच्या १४ मध्ये परत ४ आणि ३२. म्हणजे नवा आकडा बघून 'हा चांगला असेल' असं धरून चाललात की फसलात. ४/३२ वाल्या राउटरवर आजची आवृत्ती मावतच नाही, १९.०७ नंतर त्यांचा आधार संपला. ८/६४ वर बसते, पण दाटीवाटीने. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तर निवांत.

टीपी-लिंकच्याच आर्चर सी६ चंही तसंच. व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप आहे, व्हर्जन ३ मध्ये मीडियाटेकची. एकाची फाइल दुसऱ्यावर टाकली तर राउटर बंद पडेल. शिवाय व्हर्जन २ ची अमेरिकेसाठीची फाइल वेगळी आणि युरोपसाठीची वेगळी. ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर 'टेबल ऑफ हार्डवेअर' आहे आणि 'फर्मवेअर सिलेक्टर' नावाचं पान आहे. तिथे मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही तंतोतंत जुळलं तरच पुढे जायचं. 'जवळपास तोच आहे' याला इथे जागा नाही.

नवीन किंवा सेकंडहँड घ्यायचा तर कोणता?

चिप बघून घ्या. मीडियाटेकची एमटी७६२१ असलेले राउटर स्वस्तात चांगले पडतात: दोन कोर, ८८० मेगाहर्ट्झ, गिगाबिट पोर्ट. आर्चर सी६ आणि ए६ चं व्हर्जन ३ याच चिपवर आहे. त्याच कंपनीची एमटी७६२८ अजून स्वस्त, पण एकच कोर आणि १०० एमबीपीएसचे पोर्ट, म्हणजे प्लॅन कितीही मोठा घ्या, तारेतून नव्वद-पंचाण्णवच्या वर काही येणार नाही. घरात ४०-५० चा प्लॅन असेल तर तोही पुरतो. शाओमीचा एमआय राउटर ४सी याच चिपचा आहे, पण त्यावर फर्मवेअर चढवायला आडवाटेने जावं लागतं, म्हणून पहिल्या प्रयोगासाठी तो नको. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर सोडून द्या, खुले ड्रायव्हर धड नाहीत. त्यांतल्या काही मॉडेलांवर फ्रेशटोमॅटो हे दुसरं फर्मवेअर चालतं, तो वेगळा विषय.

सीताबर्डीच्या बाजारात किंवा कुणाकडून जुना घेत असाल तर दुकानातच उलटा करून आकडा वाचा, साइटवर जुळवा आणि मगच पैसे द्या. ऑनलाइन मागवताना व्हर्जन निवडता येत नाही, येईल तो आपला.

फायबरवाल्याने बसवून दिलेल्या डब्यावर चालेल का?

नाही, आणि त्याच्या नादी लागू नका. तो नुसता राउटर नसतो, फायबरचा सिग्नल ओळखणारं ओएनटी त्यातच असतं, आणि तो बरेचदा कंपनीच्याच मालकीचा असतो. आपला राउटर त्याच्या मागे जोडायचा: त्या डब्याच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं जोडायचं भोक) तार आपल्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत यायचं भोक). कंपनी ब्रिज मोड देत असेल, म्हणजे तो डबा फक्त सिग्नल पुढे देईल आणि राउटरचं काम आपला राउटर करेल, तर मागून घ्या. देत नसेल तरी दोन नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकणारी सोय) एकामागे एक लागून रोजचं काम नीट चालतं. फक्त दोन्हींचा पत्ता एकच नको. पुढचा डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर आपला १९२.१६८.२.१ वर न्या.

फ्लॅश करायचं कसं? आणि मध्येच लाइट गेली तर?

लाइटची भीती खरी आहे. फ्लॅशवर लिहिलं जात असताना वीज गेली तर राउटर अर्धवट राहतो. म्हणून राउटर यूपीएसवर किंवा त्याच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टच्याच मिनी यूपीएसवर ठेवा आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. नुसत्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका, बदलाच्या त्या क्षणी बरेच राउटर रीस्टार्ट होतात. आभाळ भरून आलेलं असेल तर काम उद्यावर टाका. घरात एकच राउटर असेल आणि दुसऱ्या दिवशी कुणाची परीक्षा किंवा मुलाखत ऑनलाइन असेल तर आज नाहीच.

नेट चालू आहे तोवर सगळं उतरवून घ्या. राउटरची 'फॅक्टरी' फाइल, 'सिसअपग्रेड' फाइल, कंपनीचं मूळ फर्मवेअर आणि त्या मॉडेलच्या पानावर दिलेली दुरुस्तीची कृती. पान पीडीएफ करून ठेवा, कारण गरज पडेल तेव्हा नेट नसेल. पहिल्यांदा कंपनीच्या फर्मवेअरवरून जाताना फॅक्टरी फाइल लागते. ओपनडब्ल्यूआरटीवर आल्यानंतर पुढची सगळी अपडेट सिसअपग्रेड फाइलने. फाइलचा एसएचए२५६ आकडा (फाइलवरून काढलेला तिचा ठसा) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा, अर्धवट डाउनलोड तिथेच पकडलं जातं.

मग लॅपटॉपपासून राउटरच्या लॅन पोर्टला तार जोडा. वायफायवरून हे काम करू नका. लॅपटॉपला तारेचं भोक नसेल तर यूएसबी-लॅन अडॅप्टर घ्या. वायफाय बंद करा, कंपनीच्या पानावर फर्मवेअर अपग्रेडमध्ये जाऊन फॅक्टरी फाइल द्या, आणि हात बाजूला. दिवे लुकलुकतील, विझतील, परत लागतील. पाच-सात मिनिटं प्लगला हात लावायचा नाही. जेवढे राउटर मेलेले मी बघितलेत, त्यांतले बहुतेक घाबरून मध्येच प्लग काढल्यामुळे गेलेत.

झालं वाटतं, पण वायफाय दिसतच नाही!

बरोबर आहे, पहिल्यांदा वायफाय मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. तार तशीच राहू द्या आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. लूसी नावाचं पान येईल. नाव रूट, पासवर्ड रिकामा. आधी पासवर्ड घाला, मग 'वायरलेस'मध्ये जाऊन नाव, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा आणि देश भारत निवडून चालू करा.

लूसी उघडतच नसेल तर तुमचा फर्मवेअर प्रकल्पाच्या रोजच्या चाचणी आवृत्तीचा असण्याची शक्यता आहे, त्यात हे पान नसतं. स्थिर आवृत्तीच घ्या. २४.१० मालिका फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. त्याच्या पुढची स्थिर आलेली असेल तर ती.

सगळं केलं, तरी केबलवाल्याचं नेट येत नाही.

गल्लीतल्या ऑपरेटरच्या नेटला तीन गोष्टी आड येतात. पहिली पीपीपीओई: वॅनचा प्रोटोकॉल तो करून युजरनेम-पासवर्ड घालावा लागतो. जुना राउटर पुसण्याआधीच ऑपरेटरला फोन करून तो लिहून घ्या, कारण कंपनीच्या पानावर पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात. दुसरी मॅक बांधणी. मॅक म्हणजे प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक. काही ऑपरेटर फक्त ओळखीच्या मॅक पत्त्यालाच नेट देतात. त्यांना नवा मॅक कळवा, नाहीतर जुन्या राउटरच्या स्टिकरवरचा मॅक लूसीत वॅनच्या उपकरणाला द्या. तिसरी व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेत क्रमांक देऊन वेगळे केलेले मार्ग. फायबरवर कधीकधी ठरावीक व्हीलॅन क्रमांक लागतो, तो बसवायला येणाऱ्या माणसाला माहीत असतो. तो घरी येईल तेव्हाच विचारून कागदावर उतरवून घ्या.

पावसाळ्यात वीज कडाडली आणि वॅन पोर्ट गेला. राउटर फेकू का?

फेकू नका! या एका गोष्टीसाठी मला ओपनडब्ल्यूआरटी मनापासून आवडतं.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या अवकाळीपासून विजा सुरू होतात, आणि ऑपरेटरची तार खांबावरून, गच्चीवरून लोंबकळत येते. जवळपास वीज पडली की त्या तारेतून झटका येतो आणि पहिला बळी वॅन पोर्टचा जातो. दिवा लागत नाही, तार घातली तरी 'केबल जोडलेली नाही' असंच दिसतं. बाकीचे चार लॅन पोर्ट मात्र ठणठणीत. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये कुठला पोर्ट कशासाठी हे बहुधा बदलता येत नाही, म्हणून दुकानदार नवीन घ्यायला सांगतो.

ओपनडब्ल्यूआरटीत कुठलाही लॅन पोर्ट वॅन करता येतो. एमटी७६२१ सारख्या राउटरवर 'नेटवर्क'मध्ये 'इंटरफेसेस', तिथे वर 'डिव्हायसेस'चा टॅब. 'बीआर-लॅन' उघडा आणि ब्रिजच्या पोर्टांमधून 'लॅन४'ची खूण काढा. मग इंटरफेसच्या यादीत 'वॅन' आणि 'वॅन६' या दोन्हींचं उपकरण 'लॅन४' करा. जतन करून लागू करा, ऑपरेटरची तार चौथ्या पोर्टात घाला, आणि मेलेल्या पोर्टवर चिकटपट्टी लावा म्हणजे घरात कुणी परत तिथे तार घालणार नाही. जुन्या पद्धतीच्या काही राउटरवर हेच काम 'स्विच' मेन्यूतून व्हीलॅन बदलून होतं. झटका मोठा असेल आणि आतली स्विच चिपच जळाली असेल तर मात्र उपाय नाही.

पुढच्या वेळी ढग गडगडायला लागले की आधी ऑपरेटरची तार काढा. पॉवरचा प्लग काढून ती तार तशीच ठेवणारे बरेच जण आहेत. झटका बहुतेक वेळा तारेतूनच येतो.

मुलगा डाउनलोड लावतो आणि माझी मीटिंग अडकते. यावर काही आहे का?

आहे, आणि बहुतेक घरांना खरा फरक यानेच जाणवतो. वेग कमी असल्यामुळे हे होत नाही. राउटर आणि मोडेममधल्या रांगा लांबच लांब होतात आणि मीटिंगचे छोटे तुकडे डाउनलोडच्या मागे तिष्ठत राहतात. याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत मांडली, आणि पुढे डेव्ह टाट व सहकाऱ्यांनी ती वाढवत नेली. टाट एप्रिल २०२५ मध्ये गेले. त्यांचं काम आज असंख्य घरांत चालतं, बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नसतं.

ही रांग सांभाळणारं 'एसक्यूएम'चं लूसी पॅकेज बसवा. घरात बाकी कुणी वापरत नसताना तारेवरून वेग मोजा, डाउनलोड आणि अपलोड दोन्हींत त्याच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरा आणि रांगेच्या पद्धतींतून 'केक' निवडा. थोडा वेग सोडून द्यायचा आहे. नुसतं बसवून आकडे न भरल्यास काही उपयोग नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा: एसक्यूएम चालू असेल तर फायरवॉलमधलं 'फ्लो ऑफलोडिंग' बंद करा, आणि एमटी७६२८ सारख्या एका कोरच्या चिपला मोठ्या प्लॅनवर हे झेपत नाही.

उन्हाळ्यात राउटर सारखा बंद पडतो. फर्मवेअरचा दोष?

बहुधा उन्हाचा. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली भट्टी होते. राउटर कपाटावरून, छताजवळून आणि टीव्हीच्या मागून काढा. भिंतीला उभा लावा, हवा दोन्हीकडून लागू द्या.

कूलरशेजारीही ठेवू नका. गार हवा लागेल असं वाटतं, पण दमट हवा आणि उडणारं पाणी आत जातं. शिवाय लोखंडी पत्रा, ओल्या ताट्या आणि टाकीभर पाणी हे तिन्ही वायफायचा सिग्नल अडवतात. खिडकीतल्या कूलरमागे राउटर आणि पलीकडच्या खोलीत रेंज नाही, ही तक्रार दर उन्हाळ्यात येते. राउटर हलवला की सुटते.

देश बदलून पॉवर वाढवता येते म्हणे?

करू नका. २.४ गिगाहर्ट्झ पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो आणि ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचाही मोठा भाग खुला आहे, पण दोन्हींत पॉवरची मर्यादा आहे. देश भारतच ठेवा. शिवाय राउटर कितीही ओरडला तरी तुमच्या मोबाइलचा परतीचा आवाज तेवढाच राहतो. रेंज हवी असेल तर नागपूरच्या महाल भागातल्या जाड भिंतींच्या घरात जुना दुसरा राउटर वरच्या मजल्यावर न्या, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, वेगळा पत्ता द्या आणि तार लॅन पोर्टात घाला. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्या. ५ गिगाहर्ट्झ लाइट आल्यावर मिनिटभर उशिरा दिसत असेल तर घाबरू नका, काही चॅनेलांवर आधी रडार नाही ना हे ऐकून घेणं बंधनकारक आहे.

मुलांसाठी वेळ आणि जाहिराती बंद, होतं का?

दोन्ही होतं. फायरवॉलच्या 'ट्रॅफिक रूल्स'मध्ये त्या मोबाइलचा मॅक आणि वेळ द्या. मात्र आधी टाइमझोन एशिया/कोलकाता करा, नाहीतर नियम साडेपाच तास चुकेल. हल्लीचे फोन मॅक बदलत राहतात, तेव्हा घरच्या वायफायपुरतं फोनमधलं ते सेटिंग बंद करा. जाहिरातींसाठी 'अॅडब्लॉक' पॅकेज आहे. ६४ एमबी रॅमवर छोटीच यादी निवडा.

राउटर मेला. आता?

बहुतेक वेळा मेलेला नसतो. फ्लॅश ओपनडब्ल्यूआरटीपर्यंत पोचलं असेल तर फेलसेफ, म्हणजे दुरुस्तीपुरतं चालू व्हायची सोय, आहे: चालू करताना दिवा भराभर लुकलुकला की रीसेटचं बटण दाबा, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ पत्ता द्या आणि १९२.१६८.१.१ वर एसएसएचने (लॅपटॉपवरून आज्ञा टाइप करून) आत जा. तेही नाही तर बऱ्याच टीपी-लिंकमध्ये टीएफटीपीची सोय आहे. बटण दाबून धरून चालू केलं की राउटर ठरावीक पत्त्यावरच्या संगणकाकडे ठरावीक नावाची फाइल मागतो. पत्ता आणि नाव मॉडेलनुसार वेगळं, म्हणूनच ते पान आधीच उतरवून ठेवायला सांगितलं. शेवटचा मार्ग सिरियलचा: झाकण उघडून आतल्या पिनांना यूएसबी-टीटीएल अडॅप्टर जोडायचा. अडॅप्टर ३.३ व्होल्टवरच हवा, ५ ने चिप जाईल. फक्त जीएनडी, टीएक्स आणि आरएक्स जोडा, व्होल्टची तार मोकळी सोडा. हे काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन केलेलं बरं.

वॉरंटी जाते का? मूळ फर्मवेअरवर परतता येतं का?

वॉरंटी गेली असं धरूनच चाला. म्हणून मी वॉरंटी संपलेल्या राउटरपासून सुरुवात करायला सांगतो. परतता येतं, बहुतेक मॉडेलांवर. काहींना मूळ फाइल टीएफटीपीने द्यावी लागते, काहींमध्ये फाइलच्या सुरुवातीचा बूट भाग कापून घ्यावा लागतो. तो न कापता चढवली तर राउटर परत उठत नाही. मॉडेलच्या पानावर 'मूळ फर्मवेअरवर परतणे' असा भाग असतो, तो जाण्याआधीच वाचा. मॉडेलचं असं पानच नसेल तर त्या राउटरवर पहिला प्रयोग करू नका.